उलानबाटरला जमणाऱ्या मंडळींना खुलं पत्र: 'किती झाडं लावली' हे विचारणं आता बास करा

नमस्कार मंडळी,

हे पत्र संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराच्या सतराव्या परिषदेला जाणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. देशांचे प्रतिनिधी, बँकवाले, एनजीओवाले, सल्लागार, आणि नुसते फोटोपुरते येणारे असतील तर तेही. 2026ची ही परिषद मंगोलियात, राजधानी उलानबाटरला होणार आहे, आणि तेच वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. योग चांगलाय. पण याच यजमान देशाने 2021मध्ये जाहीर केलंय की 2030पर्यंत 100 कोटी झाडं लावणार. म्हणजे एका मांडवात गवताचा सत्कार आणि शेजारच्या मांडवात झाडांचा आकडा. मला त्या आकड्याबद्दलच बोलायचंय, आणि एकट्या मंगोलियाच्या नाही, सगळ्यांच्याच.

मागणी आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नाही ते सुटले. कोरड्या भागात झाडं लावायच्या कुठल्याही प्रोजेक्टला 'इतकी रोपं लावली' या आकड्यावर पैसे, पुरस्कार, टाळ्या काही मिळू नये. तीन गोष्टी विचारा: पाणी कुठलं, पाच वर्षांनी जिवंत किती, आणि झाड कोणाचं. बास. हे प्रश्न नवीन नाहीत हे मला माहितीये, तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी हेच रिपोर्टात लिहिलेलं असणार, पण स्टेजवर माईक हातात आला की परत कोटीच्याच गोष्टी सुरू होतात म्हणून हा खटाटोप.

सुरुवात तुमच्याच 1994च्या कराराच्या मसुद्यापासून करू. त्यात वाळवंटीकरणाची व्याख्या आहे आणि ती शुष्क, अर्धशुष्क आणि कोरड्या उपआर्द्र भागांतल्या जमिनीचा कस जाण्याबद्दल आहे. अतिशुष्क भाग, म्हणजे सहारा किंवा चिलीतल्या अटाकामाचा अगदी कोरडाठक गाभा, ज्याला आपण सगळे डोळे मिटून वाळवंट म्हणतो, तो या व्याख्येत येतच नाही. का, तर ती जमीन बिघडलेली नाहीच, ती तशीच आहे, हजारो वर्षांपासून. तिथली झाडंझुडपं, सरडे, कीटक, वाळूवरचा तो शेवाळ-दगडफुलाचा पातळ पापुद्रा, सगळं त्या कोरडेपणावरच जगतंय. तरी दर वर्षी 17 जूनला वाळवंटीकरणविरोधी दिन आला की पोस्टरवर काय असतं? वाळूची टेकडी आणि तिच्या माथ्यावर एक हिरवं रोप. अरे बाबांनो, त्या टेकडीने काय घोडं मारलंय तुमचं? तुमचं खरं काम तिथून शेकडो किलोमीटर लांब आहे, जिथे 300-400 मिलिमीटर पाऊस पडतो, जिथे माणसं पेरतात, जनावरं चारतात आणि जिथली माती खरोखर वाहून, उडून गेलीये.

आणि अशा ठिकाणी काय चालतं हे आपल्याला गेली चाळीस वर्षं माहितीये, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

नायजरचं उदाहरण घ्या. मराडी भागात 1980च्या दशकात टोनी रिनॉडो नावाचे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ गाडीत रोपं भरून गावोगाव फिरत होते, लावत होते, आणि लावलेली बहुतेक मरत होती. एकदा वाळूत गाडी चालावी म्हणून टायरमधली हवा कमी करायला थांबले आणि समोरच्या झुडपाची पानं जवळून बघितली तर ते झुडूप नव्हतंच. तोडलेल्या झाडाच्या बुंध्याला फुटलेले धुमारे होते ते. म्हणजे खाली मुळं शाबूत, जिवंत, खोल गेलेली, आणि वर दर वर्षी शेतकरी ते फुटवे काढून टाकायचे, जाळायचे, परत फुटायचे, परत काढायचे. असे बुंधे एकदोन नव्हते, शेतंच्या शेतं भरलेली होती. लावायला काही नव्हतंच, वाढू द्यायचं होतं.

पद्धत इतकी साधी आहे की सांगताना संकोच वाटतो. एका बुंध्याला दहा-पंधरा धुमारे असतात. त्यातले सरळ, जोमदार असे तीन-चार निवडायचे आणि बाकीचे बुडापासून काढायचे. ठेवलेल्या धुमाऱ्यांच्या खालच्या अर्ध्या उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या छाटायच्या, वरचा शेंडा तसाच ठेवायचा, नाहीतर झाड वर जात नाही नुसतं पसरतं. काही महिन्यांनी परत यायचं, खालून नवे फुटवे आलेले असतात ते काढायचे, वाटलं तर चारातला एक धुमारा तोडून सरपणाला न्यायचा. मुळं जुनी असल्यामुळे पाणी घालायला लागत नाही, आळं करायला लागत नाही, नर्सरी नाही, टँकर नाही, उद्घाटनही नाही. बहुतेक म्हणूनच तुमच्या लोकांना हे आवडायला वेळ लागला, कारण फीत कापायला काही नाही ना. दक्षिण नायजरमध्ये हे असं होत होत सुमारे 50 लाख हेक्टरवर पसरलं आणि अंदाजे 20 कोटी झाडं उभी राहिली. जुने हवाई फोटो आणि सॅटेलाइटची चित्रं शेजारी ठेवून संशोधकांनी हे नंतर दाखवलं, तोपर्यंत बाहेरच्या जगात फारसा कोणाला पत्ता नव्हता.

आता यातली खरी मेख. ही झाडं आधी का वाढत नव्हती? दुष्काळ होता, सरपणाची टंचाई होती हे आहेच, पण वसाहतीच्या काळापासून चालत आलेल्या नियमांनी झाड सरकारचं होतं. शेत तुमचं, झाड सरकारचं! स्वतःच्या शेतातली फांदी तोडली तरी वनखात्याचा माणूस दंड करणार. मग शेतकरी काय करेल, कोंब दिसला की उपटून मोकळा होईल, उद्याची कटकट कोण ओढवून घेतो. 1980च्या दशकाच्या मध्यापासून ही अंमलबजावणी सैल होत गेली, लोकांना वाटायला लागलं की हे झाड माझं आहे, शेंगा माझ्या, पाला माझा, लाकूड माझं, आणि मग झाडं राखली गेली. एकही रोप न वाटता जे झालं ते रोपं वाटणाऱ्यांना जमलेलं नव्हतं. म्हणून म्हणतो की 'झाड कोणाचं' हा प्रश्न कायदा विभागाकडे ढकलून द्यायचा नाही, तो पहिल्या पानावर पाहिजे.

त्यातलं एक झाड तर वेगळं पत्र लिहावं असं आहे, फायधर्बिया अल्बिडा. ही बाभळीच्या कुळातली पण उलट्या डोक्याची. पावसाळ्यात सगळी झाडं हिरवी होतात तेव्हा ही पानं गाळते आणि उन्हाळ्यात सगळं वाळून गेलं की हिला पालवी! म्हणजे खाली बाजरी उभी असताना सावली नाही, पाण्यासाठी स्पर्धा कमी, गळलेल्या पानांचं खत, मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी, आणि कोरड्या दिवसांत जनावरांना शेंगा आणि सावली. कुठल्या लॅबमध्ये असं झाड डिझाइन केलं असतं तर आज त्याचं पेटंट आणि जाहिरात दोन्ही असतं.

आता बुर्किना फासो. तिथले याकुबा सावाडोगो तुम्हाला माहिती असतील, 2018मध्ये राइट लाइव्हलीहुड पुरस्कार, ज्याला पर्यायी नोबेल म्हणतात तो, मिळाला (त्याच वर्षी रिनॉडोंनाही मिळाला), 2023च्या डिसेंबरमध्ये गेले. त्यांनी केलं ते म्हणजे तिथल्या जुन्या 'झाई' खड्ड्यांची सुधारणा. जमीन कशी, तर वरचा थर भाजल्यासारखा कडक झालेला, पाऊस पडला की पाणी मुरत नाही, सरळ वाहून जातं. कोरड्या दिवसांतच, पावसाची वाट न बघता, कुदळीने वीतभर किंवा थोडे जास्त रुंद आणि साधारण अर्धी वीत खोल खड्डे घ्यायचे, निघालेली माती उताराच्या बाजूला बांधासारखी ठेवायची आणि खड्ड्यात ओंजळभर शेणखत टाकायचं. शेणखताच्या वासाने वाळवी येते. आपण वाळवी म्हटलं की औषध शोधतो, इथे ती पाहुणी म्हणून बोलावलेली असते, ती खाली बोगदे करत जाते, त्या बोगद्यांतून पहिल्या पावसाचं पाणी आत मुरतं आणि तो कडक थर आतून फुटतो. मग त्यात ज्वारी-बाजरी पेरायची. हेक्टरी हजारो खड्डे, शेकडो तासांची मेहनत, तीही भर उन्हात, हे विसरून 'लो कॉस्ट टेक्नॉलॉजी' म्हणू नका, कॉस्ट त्या माणसाच्या पाठीला आहे.

आणि झाडं? ती शेणातून आली. गुरांनी खाल्लेल्या शेंगांतलं बी शेणाबरोबर खड्ड्यात पडलं, उगवलं, आणि सावाडोगोंनी ती रोपं उपटली नाहीत, पिकाबरोबर वाढू दिली. पुढे मुद्दाम बी टाकलं. वर्षानुवर्षं हे करत ओसाड माळावर सुमारे 40 हेक्टरचं, 60च्या वर जातींचं जंगल झालं. सुरुवातीला लोकांनी वेड्यात काढलं, शेत पेटवून दिलं. आणि नाव झाल्यावर काय, तर शहर वाढत वाढत जंगलाच्या अंगावर आलं आणि प्लॉट पडायला लागले, कारण कागदावर ती जमीन त्यांची नव्हती. परत तोच प्रश्न. माणसाला आंतरराष्ट्रीय पुरस्कार देता येतो पण त्याच्या झाडाखालचा सातबारा देता येत नाही, याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

आफ्रिकेच्या ग्रेट ग्रीन वॉलबद्दल थोडक्यात, कारण तुम्हाला ते पाठ आहे. 2007ला सुरू झालेली, 8000 किलोमीटरची झाडांची भिंत, पश्चिम किनाऱ्यावरच्या डाकारपासून पूर्वेच्या जिबूतीपर्यंत. 2030पर्यंत 10 कोटी हेक्टरचं टार्गेट आणि तुमच्याच 2020च्या आढाव्यात मूळ पट्ट्यात झालेलं काम 40 लाख हेक्टर. भिंतीची कल्पना मुळात चुकीच्या समजुतीवर उभी होती, की सहारा सैन्यासारखा दक्षिणेला चालून येतोय आणि त्याला अडवायचंय. तसं काही नसतं, जमीन जिथल्या तिथे, ठिगळाठिगळांनी बिघडते. हे कळल्यावर 'भिंत' म्हणजे ठिकठिकाणचं काम असा अर्थ केला गेला ते बरं झालं, पण नाव आणि नकाशावरची ती हिरवी पट्टी अजून तशीच आहे कारण ती फंड आणते. बरं, तो पट्टा रिकामा होता असंही नाही. 2020मध्ये सॅटेलाइटच्या बारीक चित्रांवरून आणि एआय वापरून पश्चिम आफ्रिकेतल्या सहारा आणि साहेलच्या (सहाराच्या दक्षिणेचा अर्धशुष्क पट्टा) 13 लाख चौरस किलोमीटरमध्ये एकेक झाड मोजलं गेलं तेव्हा 180 कोटींच्या वर सुटी झाडं निघाली! आधीच्या नकाशांवर यातलं बरंचसं 'झाडं नाहीत' असं होतं. आहेत ती राखायला कोणी कोटींची घोषणा करत नाही.

पाण्यावर येतो, कारण वाळवंटातल्या शेतीची सगळी चमकदार स्वप्नं इथेच अडकतात.

सौदी अरेबियाने 1980च्या दशकात वाळवंटात गहू पिकवला. गोल फिरणाऱ्या सिंचन यंत्रांची ती हिरवी वर्तुळं अंतराळातून दिसायची, आणि 1990च्या सुरुवातीला देश जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांत जाऊन बसला. पाणी कुठलं? हजारो वर्षांपूर्वी हवामान ओलं असताना जमिनीखाली साठलेलं, आता नव्याने न भरणारं. बापजाद्यांची ठेव मोडून रोजचा बाजार करायचा तसं. 2008ला सरकारने ठरवलं की हे थांबवायचं आणि 2016पर्यंत गव्हाची सरकारी खरेदी बंद केली. पैसा होता, टेक्नॉलॉजी होती, हुशार माणसं होती, कमी कशाची होती ते दिसतंच आहे. तरी अजूनही कुठेतरी नवी हिरवी वर्तुळं दिसली की लगेच 'वाळवंट फुलवलं' म्हणून व्हिडिओ फिरतो आणि खाली कोणी विचारत नाही की बोअर किती खोल गेलीये.

पाणी कमी पडणं सगळ्यांना कळतं, पण जास्त झालं तरी वाट लागते. अल्जीरियातल्या सूफ भागात खजुराची एक जबरदस्त जुनी पद्धत आहे, घूत म्हणतात. तिथे पाणी वर आणत नाहीत, झाडच खाली नेतात. वाळूत मोठा खोल खळगा खणायचा, भूजलाच्या थोडं वरपर्यंत, आणि तळाला खजूर लावायचा, म्हणजे मुळं थेट पाण्यापर्यंत पोचतात आणि सिंचनच नको. काठावर झावळ्यांचं कुंपण कारण वारा रोज वाळू आत ढकलतो, आणि आत आलेली वाळू टोपल्यांनी वर वाहायची, पिढ्यानपिढ्या. मग खोल बोअर आले, त्यांचं पाणी शहरात आणि शेतात खेळलं, पण त्या भागाला निचरा नाही, सांडपाणी जाणार कुठे, ते वाळूत मुरलं आणि वरचं भूजल चढलं. खळग्यांत पाणी साठलं आणि खजूर उभ्याउभ्या बुडून मेले. वाळवंटात! थारमध्ये इंदिरा गांधी कालव्याचंही असंच झालं, पाणी आलं, गहू-कापूस आला, आणि जिथे जमिनीखाली जिप्समचा कडक थर होता तिथे पाणी अडून राहिलं, चिबड झाली, मीठ वर आलं, शेतं क्षारपड झाली. तिथले लोक त्याला 'सेम' म्हणतात. कालव्याचा फायदा झाला नाही असं मी म्हणत नाही, लाखो लोक त्यावर जगतात, पण पाण्याच्या बजेटमध्ये निचऱ्याचा रकाना नसेल तर ते बजेट नाही.

आणि याच थारमध्ये, जैसलमेरकडे, पालीवालांचे खडीन आहेत, पंधराव्या शतकापासूनचे. खडकाळ उतारावरून वाहणारं पाणी खालच्या सखल जमिनीवर मातीचा लांब बांध घालून अडवायचं, मुरू द्यायचं, आणि वाफसा आला की त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, वर एक थेंब न देता. इस्रायलच्या नेगेवमध्ये अव्दतला मायकेल एवेनारींनी नबातियन या प्राचीन वाळवंटी लोकांची जुनी शेतं दुरुस्त करून हेच दाखवलं, वर्षाला 100 मिलिमीटरच्या आसपास पावसात फळझाडं वाढवली. हिशोब दोन्हीकडे एकच: एका शेतासाठी त्याच्या कितीतरी पट पाणलोट मोकळा ठेवायचा. म्हणजे वाळवंटात शेत करायचं तर बहुतेक जमीन उघडीच राहणार. सगळीकडे हिरवं करायचं म्हटलं तर कुठेच हिरवं होणार नाही. हा हिशोब तुमच्या हेक्टरच्या टार्गेटमध्ये बसत नाही, हो ना?

मी काही नव्याच्या विरोधात नाही, उलट मला यातल्या आयडिया वाचायचं व्यसन आहे. चीनमध्ये शापोटौला 1950च्या दशकात बाओटौ-लांझौ रेल्वेवर वाळू येऊ नये म्हणून गव्हाचा-भाताचा पेंढा वाळूत उभा खोचून एक-एक मीटरचे चौकोन केले. पेंढा वीतभर वर राहतो, जमिनीलगतचा वारा मंदावतो, वाळू थांबते, काही वर्षांत पेंढा कुजतो पण तोवर चौकोनात धूळ साचून वर पापुद्रा धरलेला असतो आणि झुडपं मूळ धरतात. पेंढा आणि फावडं, एवढ्यावर रेल्वे वाचली! इजिप्तमध्ये इस्माइलियाजवळ सेरापियमला शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर वाळवंटात निलगिरी आणि महोगनी वाढवलीये, त्या पाण्यात नत्र-स्फुरद आधीच असतं म्हणून खतही फारसं नको. हे पाणी नाहीतरी कुठेतरी सोडून द्यायचंच होतं, म्हणून मला हा प्रयोग प्रामाणिक वाटतो. ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टाला 23,000 आरसे आणि 127 मीटरचा टॉवर लावून समुद्राचं पाणी गोडं करून 20 हेक्टरच्या काचघरांत टोमॅटो घ्यायचा प्रकल्प 2016मध्ये उभा राहिला. भारीच आहे, पण समुद्र जवळ पाहिजे, भांडवल पाहिजे, आणि उरलेलं खारट पाणी टाकायची सोय पाहिजे. साहेलमधल्या बाजरीवाल्याला ते दाखवून उपयोग नाही, उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होतं ते.

ठिबकचंही असंच. ठिबक उत्तमच, पण वाचलेलं पाणी जमिनीत राहत नाही, त्यावर अजून दोन एकर लागवड होते आणि उपसा होता तिथेच किंवा जास्त. हे बऱ्याच देशांत दिसलंय. उपशावर मर्यादा नसेल तर ठिबकच्या सबसिडीला पाणीबचत म्हणू नका, उत्पादनवाढ म्हणा, काही हरकत नाही.

चीनच्या मोठ्या कार्यक्रमाबद्दल पण बोलायला पाहिजे, उत्तरेकडचा संरक्षक वनपट्टा, 1978ला सुरू, 2050पर्यंत चालणार. त्यांनी धुळीची वादळं, वाळू यांच्यावर खूप काम केलंय, नाकारण्यात अर्थ नाही. पण सुरुवातीच्या काळात एकाच जातीच्या पॉप्लरच्या रांगाच रांगा लावल्या आणि निंगशियात लांब शिंगांच्या भुंगेऱ्याने त्यांचा फडशा पाडला. शेजारच्या लोएस पठारावर (वाऱ्याने आणलेल्या बारीक मातीचं पठार) हिरवाई परत आली तशी 2016च्या अभ्यासात असं दिसलं की आता आणखी झाडं वाढवली तर माणसांच्या वाट्याच्या पाण्यावर येणार, मर्यादा जवळ आलीये. झाड पाणी पितं. एवढं साधं वाक्य किती प्रोजेक्ट रिपोर्टांत नसतं हे बघाच एकदा.

आता शेवटचं, आणि यात तुमची थेट जबाबदारी आहे. जमीन सुधारली की बिघडली हे तुम्ही तीन गोष्टींवरून मोजता: जमिनीवरचं आच्छादन, उत्पादकता आणि मातीतला सेंद्रिय कार्बन. पहिल्या दोन सॅटेलाइटवरून. आता कच्छच्या बन्नीचं गवताळ रान बघा, तिथे 1960च्या दशकात वनखात्याने विलायती बाभूळ लावली, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, खारं पाणी आत येऊ नये म्हणून. ती पसरली, गवत गेलं, म्हशी-गाईंचं कुरण गेलं. केनियात बारिंगोला हीच बाभूळ सरपणाची सोय म्हणून आणली होती, तिथल्या शेळ्यांचे गोड शेंगा खाऊन दात किडले आणि लोक न्यायालयात गेले तेव्हा दात पडलेली शेळी सोबत नेली होती. पण सॅटेलाइटला काय दिसतं? हिरवं. गवताचं झुडुपात रूपांतर म्हणजे उपद्रव हे त्या देशाने स्वतःहून नोंदवलं तर दुरुस्ती करता येते, पण टार्गेट पूर्ण दिसत असताना कोण स्वतःहून सांगेल? हिरव्याचा अजून एक घोळ, इस्रायलच्या यातिर जंगलात मोजमाप झालंय की गडद पाइनचं रान आजूबाजूच्या फिकट जमिनीपेक्षा जास्त ऊन शोषतं, म्हणजे शोषलेल्या कार्बनचा फायदा कित्येक दशकं त्या उष्णतेतच जातो. तरी त्या जंगलाची सावली, माती, बाकी फायदे आहेतच. फक्त कार्बनच्या नावावर फिकट जमीन गडद करायला निघालात तर ही वजाबाकी आधी करा.

म्हणून मंगोलियात खास विनंती. तो देश म्हणजे बहुतांश कुरण. तिथल्या गोबीत सॅक्साउल नावाचं झुडूपवजा झाड आहे, हळू वाढणारं, वेडंवाकडं, पानं जवळजवळ नाहीतच, फोटोत काही दम नाही त्याच्या, पण मुळं खोल जातात आणि वाळू धरून ठेवतात. 100 कोटींच्या आकड्यात ते आणि नर्सरीत पटकन वाढणारं पॉप्लर एकाच भावाने मोजलं जाणार असेल तर अधिकारी काय लावतील हे सांगायला ज्योतिषी नको. आणि गुराख्याच्या चराईच्या वाटेवर कुंपण घालून रोपं लावली, तर पशुपालकांचं वर्ष साजरं करून आपण काय मिळवलं? यजमानांना टोमणे मारायचे नाहीयेत मला, आकडा जाहीर करायचं दडपण तुमच्याच व्यासपीठांवरून येतं.

ठरावात एवढं घाला: लागवडीचा आकडा पाच वर्षांनंतरच्या जिवंत झाडांचा, तोही बाहेरच्या कोणीतरी मोजलेला. त्यासोबत पाण्याचा स्रोत, उपसा आणि निचरा. झाड तोडायचा, विकायचा, वारसाला द्यायचा हक्क कोणाला, हे त्या देशाच्या कायद्यातल्या कलमासकट. आपोआप उगवलेलं आणि राखलेलं झाड लावलेल्या झाडाइतकंच धरा, पैशाच्या हिशोबातही. आणि अतिशुष्क वाळवंट आणि जुनी गवताळ रानं लागवडीच्या नकाशातून बाहेर काढा.

परिषदेत तुम्हाला फील्ड व्हिजिटला नेतील, नेतातच. नवीन लावलेला प्लॉट, निळा बोर्ड, ठिबकच्या नळ्या, टोप्या. तिथे नम्रपणे सांगा की आम्हाला पहिल्या वर्षी लावलेला प्लॉट बघायचाय, आणि तिथे जनावरं चारणाऱ्या माणसाशी बोलायचंय, साहेब सोबत नसताना.

आपला,
वाळवंटातल्या शेतीबद्दल मिळेल ते वाचणारा एक माणूस

ता. क. ड्रोनमधून बियांचे गोळे टाकायचे प्रस्तावही येतील, मोठमोठ्या आकड्यांसकट. बी जमिनीवर पडतं तिथून पुढे मुंग्या, उंदीर, पाखरं आणि पहिल्या पावसानंतरची लांब उघडीप असं सगळं असतं. किती उगवली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात किती उरली एवढं विचारा, उत्तर आलं तर मलाही कळवा.